कातिब गल्लीतलं धोंड्याचं जेवण

१० मे २०२६, रविवार. मुरुड (जि. लातूर).

निर्णय झाला. कादंबरी लिहायची. रिटायर झालो, आता ‘शाळेमुळे वेळ मिळत नाही’ म्हणायची सोय राहिली नाही. पण घरी लिहिणं अशक्य. समोरच्या ओट्यावर थोरले बंधू पिराजीदादा दिवसभर बसून असतात. ट्रॅक्टर येतो, जातो. कोणीतरी सातबारा घेऊन येतं आणि गुरुजी एवढं वाचून दाखवा म्हणतं. लेखकाला एकांत लागतो.

म्हणून नांदेडला महिनाभर फ्लॅट भाड्याने घेतला. मोबाइलवरच बुक केला, एकट्याने, कुणाची मदत न घेता. जुन्या नांदेडात कातिब गल्ली म्हणून आहे. निजामाच्या काळात तिथं दस्तऐवज नकलून देणारे कातिब राहायचे, शायर राहायचे, माडीमाडीवर मुशायरे रंगायचे, असं जाहिरातीत लिहिलंय. ‘हेरिटेज लिटररी हॉलिडे होम.’ फोटोतली खिडकी फार छान आहे.

येत्या रविवारपासून अधिक महिना लागतो, हा निव्वळ योगायोग. विष्णुपुरी नांदेडला लागूनच आहे, हाही.

११ मे, सोमवार.

दादांना सांगितलं. म्हणाले, लिहायला घरात काय टोचून राहिलं रे? मी म्हटलं, वातावरण लागतं. म्हणाले, वातावरण नांदेडलाबी त्रेचाळीस डिग्रीच हाय. मी वाद घातला नाही. दादा आमच्या भावकीत सगळ्यात थोरले. त्यांच्या शब्दाबाहेर जायची आमच्यात पद्धत नाही. म्हणून तर इतकी वर्षं... जाऊ दे. विषय कादंबरीचा आहे.

१२ मे, मंगळवार.

मुद्दे एकदा स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे डोकं शांत राहील.

आमच्या लेकीने, राजकन्येने, चार वर्षांपूर्वी स्वतःच्या मनाने लग्न केलं. मुलगा आदिनाथ. विष्णुपुरीला कॉलेजात शिकवतो. निर्व्यसनी आहे, शांत आहे, फक्त आमच्यातला नाही. मी व्यक्तिशः विरोधात कधीच नव्हतो. समतेवर प्रत्येक सव्वीस जानेवारीला भाषण दिलेलं आहे, आणि चांगलं दिलेलं आहे. पण गावात भावकी असते. दादा असतात. त्यामुळे मी विरोध केला नाही, फक्त बोलणं थांबवलं. यात फरक आहे.

सौ. दर शनिवारी राजकन्येला फोन करते, हे मला माहीत नाही. त्या वेळी मी म्हशीला पाणी पाजायला गोठ्यात जातो. म्हैस गेल्या वर्षी विकली.

आता मूळ मुद्दा. अधिकात लेक-जावयाला बोलवायचं, जावयाचे पाय धुवायचे, अनारशांचं वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे जेवू घालायचे. मागच्या अधिकात भर पावसाळा होता म्हणून राहून गेलं. सौ. गेल्या आठवड्यात म्हणाली, लग्न झाल्यापासून पोरीनं धोंड्याला माहेरचा उंबरा बघितला न्हाई, आता आनिक तीन वर्सं थांबायचं का? त्यावर मी रात्री विचार केला आणि ही योजना निघाली. नांदेडच्या फ्लॅटवर धोंड्याचं जेवण. पाय धुणं, वाण, कपडे, सगळं रीतसर. फक्त पत्ता वेगळा. गावाला त्रास नाही, दादांचा मान राहतो, पोरीचंही होतं. शिवाय कादंबरी.

सौ.ला सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती.  म्हणाली, भाड्याच्या घराला कुठं माहेर म्हणतेत का? मी तिला समजावलं की माहेर ही एक भावना आहे. तिने सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले. म्हणजे पटलं.

१६ मे, शनिवार. नांदेड.

पोचलो. एसटीत मुरुडपासून इथपर्यंत अनारशाच्या पिठाचा डबा मांडीवर. सौ. तो वर रॅकवर ठेवू देईना. कंडक्टर म्हणाला, मावशी, डब्यात सोनं हाय काय? ती म्हणाली, हाव.

कातिब गल्ली ऐतिहासिक आहे यात शंका नाही. तळमजल्यावर मोबाइल कव्हरचं दुकान, शेजारी झेरॉक्स, वर आपला फ्लॅट. मालक बसवराज, देगलूरकडचा, उत्साही माणूस. म्हणाला, व्यंकट सर, ह्याच खिडकीत बसून शायर लिहायचे बघा. मी विचारलं, कोणते शायर? म्हणाला, अय्यो, सगळेच. खिडकी उघडली तर समोरच्या भिंतीवर पाइप्सच्या जाहिराती. पण उजेड चांगला येतो. दोन खोल्या, कूलर, इंडक्शन शेगडी. मोरीला उतार उत्तम आहे. हे मी मुद्दाम पाहिलं. पाय धुताना पाणी साचता कामा नये.

गल्लीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मुशायऱ्यांबद्दल विचारलं. म्हणाले, पाणी दिवसाआड येतं.

१८ मे, सोमवार.

पहाटे उठून खिडकीत बसलो. लेखनाला प्रारंभ. शीर्षक: ‘गोदाकाठी एकांतात’. शीर्षक जमलं की निम्मं काम होतं. बाकीचं उद्या.

संध्याकाळी आठवण झाली की राजकन्येला फोन करायचा आहे. मीच करणार होतो. बापानेच बोलवायचं असतं, तेच शोभतं. नंबर काढला. मग वाटलं, ती स्वयंपाकात असेल. उद्या.

१९ मे, मंगळवार.

ती कामात असेल. उद्या.

२० मे, बुधवार.

सौ.ने फोन केला. मी खिडकीत होतो. ऐकत नव्हतो, पण खोली लहान आहे. राजकन्या एवढ्या मोठ्याने बोलली की मला स्पष्ट ऐकू आलं. नांदेडला? आमच्या नांदेडला? अण्णाबी आलेत? अण्णांनी बोलावलं?

सौ. म्हणाली, हाव, त्यांनीच बोलावलं.

 मग राजकन्या म्हणाली, रविवारी येतो आम्ही. दामिनीला घेऊन येते.

दामिनी म्हणजे नात. फोटो पाहिलाय. सौ.चा मोबाइल चार्जिंगला लावताना चुकून दिसतो. वरचेवर चुकून दिसतो.

शीर्षक बदलावं का, असा विचार चालू आहे.

२२ मे, शुक्रवार.

खरेदी. पोरीला साडी, नातीला फ्रॉक, जावयाला शर्ट-पँटचं कापड. शिवलेलं घ्यायचं होतं, पण माप माहीत नाही. दुकानदाराने विचारलं, जावई कसे आहेत अंगाने? मी म्हटलं, बरे आहेत. त्याने विचारलं, म्हणजे तुमच्याएवढे? मला सांगता येईना. मी त्यांना एकदाच पाहिलं आहे, तेही कोर्टाच्या पायऱ्यांवरून उतरताना, लांबून. कापडच घेतलं. कापड केव्हाही चांगलं.

संध्याकाळी मनात तयारी केली. ते आले की म्हणायचं: या. बसा. प्रवास बरा झाला ना? मग वाटलं, विष्णुपुरीहून इथं यायला कसला प्रवास. ते वाक्य काढलं. ‘या, बसा’ ठेवलं.

मग पोरीला काय म्हणायचं, ते ठरवायला घेतलं. नंतर जेवायची वेळ झाली.

२३ मे, शनिवार.

अडचण. सौ.ची कढई बुडाला गोल. इंडक्शनवर बसेना, डुगडुगते, शेगडी पीं-पीं करते. त्यात बसवराज म्हणाला, सर, हेरिटेज प्रॉपर्टी आहे, फोडणी चालते, तळण नको, भिंती काळ्या होतात. सौ.ने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तासाभरात तो स्वतः कुठून तरी गॅसची शेगडी घेऊन आला आणि गच्चीवर मांडून दिली.

भर दुपारी गच्चीवर अनारसे. सौ.च्या डोक्यावर ओला टॉवेल, मी छत्री धरून. घाणा उतरला की ती एकेक अनारसा उजेडात धरून जाळी बघायची. एक हसला, म्हणजे तुपात विरघळला, तर तिने डोळे मिटून घेतले. म्हणाली, अपशकुन. मी म्हटलं, तूप कमी तापलं असेल. आज मी फारच सायंटिफिक होतो.

वाणाचे तेहतीस भरले. सौ. गच्चीवरच खाली बसली आणि उगाच हसायला लागली. तिला असं हसताना फार दिवसांनी पाहिलं.

२४ मे, रविवार. सकाळी ७.

धोंडे उकडायला ठेवलेत. फरशी पुसली. पाट मांडला, परात, तांब्या, नवा टॉवेल. मी पांढरा शर्ट घातला आहे. आज इतिहास घडणार. माझ्यासारखा पुढारलेला बाप मुरुड पंचक्रोशीत दुसरा नसेल.

दुपारी ४.

लिहितो. घडलं तसं लिहितो.

अकराच्या सुमारास ते आले. राजकन्या बारीक झाली आहे. मी ‘या, बसा’ म्हणालो. तिने वाकून नमस्कार केला आणि वाकलेलीच राहिली. सौ.ने तिला उठवून कवटाळलं. दोघी रडल्या. आदिनाथराव दारातच चप्पल हातात घेऊन उभे होते, कुठे ठेवू विचारत. माझ्याहून चांगले टीचभर उंच आहेत. कापडच घेतलं हे बरं केलं.

राजकन्येने खोली पाहिली. खिडकी, कूलर, भिंतीवरचा बोरू-दौतीचा फोटो. विचारलं, अण्णा, हे घर कुणाचं? मी तिला गल्लीचा इतिहास सांगितला. कातिब, शायर, मुशायरे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, पर इथं कामून? मी म्हटलं, कादंबरी चालू आहे, आणि मोरीला उतार चांगला आहे.  आदिनाथराव म्हणाले, छान हवेशीर आहे. हवा अजिबात नव्हती. त्यांचा स्वभाव चांगला आहे.

पाय धुवायला बसवलं. मी तांब्या घेतला.  पहिला पाय धुतला. त्यांनी तो मागे घ्यायचा प्रयत्न केला, राहू द्या म्हणाले, तुम्ही वडीलधारे. मी म्हटलं, रीत आहे. सौ. पदराने डोळे पुसत होती. राजकन्या भिंतीला टेकून बघत होती, आणि तिच्या तोंडावर लहानपणचं हसू आलं होतं. दुसरा पाय परातीत घेतला.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. दादांचा व्हिडिओ कॉल. दादांनी आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओ कॉल केला, तो आज.

न उचलून चालत नाही. मी सगळ्यांना हाताने खूण केली. आत जा म्हणून नाही, थोडं बाजूला व्हा म्हणून. आदिनाथराव ओल्या पायांनी उठून दाराआड उभे राहिले. राजकन्या जागची हलली नाही. मी मोबाइल खिडकीकडे वळवला. दादा म्हणाले, दाव की रे तुझं शायराचं घर. मी खिडकी दाखवली, कूलर दाखवला. सगळं व्यवस्थित चाललं होतं. पण दामिनी मध्येच येऊन माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि वर मोबाइलमध्ये बघायला लागली. लहान मूल, तिला काय कळणार.

दादांनी विचारलं, ही कुणाची रे पोर?

मी म्हटलं, शेजारच्यांची.

दादा एवढंच म्हणाले, बरं. आणि कॉल बंद झाला.

मी मागे वळलो. आदिनाथराव स्वतःच्या रुमालाने पाय पुसत होते, जो धुतला होता तोही आणि जो राहिला होता तोही. राजकन्येने दामिनीला उचलून घेतलं. मी समजावलं, अगं, दादांना एकदम धक्का नको, हळूहळू सांगायचं, यात तुझाच विचार आहे. ती म्हणाली, अण्णा, मला वाटलं तुमी मला बोलावलं. तुमी तर मला लपवून जेवायला घालून राहिलात.

मग ते गेले. बहुतेक तिला काही काम आठवलं असावं. आदिनाथराव जाताना ‘येतो’ म्हणाले, हे नोंदवून ठेवतो. म्हणजे राग नाही.

अनारसे पाटाशेजारी तसेच आहेत. सौ. आतल्या खोलीत आहे. दार लावलेलं आहे.

२५ मे, सोमवार.

शांतपणे विचार केला. दादांनी अवेळी फोन केला नसता तर कार्यक्रम यशस्वी होता. एक पाय तर रीतसर धुतला गेलाच.

सौ. बोलत नाही. उन्हाचा त्रास.

२६ मे, मंगळवार.

सौ. विष्णुपुरीला गेली. धोंडे नव्याने उकडले, डबा भरला, अनारसे, साडी, फ्रॉक, कापड, सगळं घेतलं. मी म्हटलं, रिक्षापर्यंत येतो. म्हणाली, नका येऊ, कुणी बघंल.

विनोदी स्वभाव आहे तिचा. दोन दिवसांत येईल.

३० मे, शनिवार.

सौ. आली नाही. कादंबरीसाठी एकांत हवाच होता. तो आता पूर्ण मिळाला. जेवण कोपऱ्यावरच्या खानावळीत. भाजीत तेल फार.

बसवराजने हैदराबादचं एक जोडपं फ्लॅट दाखवायला आणलं. मी खिडकीत बसलेलो. त्याने हळू आवाजात त्यांना सांगितलं, हे सर राइटर आहेत, मुरुडहून इथं खास लिहायला आलेत, फॅमिली सोडून. त्या बाईंनी माझा फोटो घेतला. जरा पेन धरता का म्हणाल्या. धरला.

‘फॅमिली सोडून’ हा शब्दप्रयोग बरोबर नाही. बसवराजला सांगायला हवं.

१ जून, सोमवार.

सौ.चा फोन. बरी आहे. दामिनी तिच्याशेजारी झोपते म्हणाली, कथा सांगितल्याशिवाय झोपत न्हाई. मी म्हटलं, छान. मग म्हणाली, राजकन्येशी बोलले मी. तिचं एकच म्हणनं हाय. मुरुडला बोलवा. म्होरल्या दारानं, दिवसा, दादांच्या ओट्यासमोरून. ते काय बोलतील ते बोलू द्या, ती ऐकून घेईल. वाण नको, साडी नको, भाकर-ठेचा चालंल. अधिक संपायच्या आत बोलवा, मग मीबी तिच्यासंगंच घरी येते.

मागणी रास्त आहे. मला तत्त्वतः मान्य आहे. उद्या दादांना फोन करून सांगून टाकतो.

२ जून, मंगळवार.

मंगळवारी असे विषय काढू नयेत.

४ जून, गुरुवार.

दादांना फोन केला. त्यांनी विचारलं, पुस्तक कुठवर आलं? मी म्हटलं, रंगात आलंय. त्यांनी विचारलं, रुक्मिण बरी हाय ना? म्हटलं, हो, इथंच आहे, भाजी आणायला गेली. ते म्हणाले, बरं.  मी राजकन्येचा विषय काढणारच होतो, पण पेरणीचं निघालं आणि ओघ गेला. पुढच्या वेळी आधीच मुद्दे ठरवून फोन करायचा.

७ जून, रविवार.

बसवराजने जाहिरातीत माझा फोटो टाकलाय. खाली ‘येथे लेखक राहतात’. फोटोत मी बरा दिसतो. खिडकीत एकटाच, समोर कोरा कागद. कोणाला वाटेल, फार मोठ्या दुःखावर लिहीत असेल हा माणूस.

आज दिवसभर झोपून होतो. ऊन.

९ जून, मंगळवार.

कादंबरीत धरण आहे, म्हणून विष्णुपुरीचं धरण पाहायला गेलो. पाणी उतरलंय. येताना रिक्षावाल्याने आदिनाथरावांच्या कॉलेजच्या कॉलनीवरून आणलं. मीच सांगितलं होतं तसं, पण रस्ता तोच सोयीचा.

कॉलनीच्या बागेत सौ. दामिनीला झोका देत होती. मी गेटच्या बाहेर, गुलमोहराखाली. नात सौ.वर गेली आहे. झोका वर गेला की ओरडते. सौ.ने मला पाहिलं. हाक मारली नाही. आत या म्हणाली असती तर मी गेलो असतो.  मग तिने दामिनीला उतरवून कडेवर घेतलं आणि तोंड माझ्याकडे करून उभी राहिली, पोर मला नीट दिसावी म्हणून. रिक्षावाला म्हणाला, काका, वेटिंग लागतंय.

माझी नात फार गोड आहे. हे लिहायला हरकत नाही.

१३ जून, शनिवार.

आता पुरे झालं. मी बाप आहे. स्वतः राजकन्येला फोन केला. चार वर्षांनी. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

मी म्हटलं, सोमवारी मुरुडला या. अधिकाचा शेवटचा दिवस आहे. घरी या.

 ती म्हणाली, खरंच अण्णा? आपल्या घरी? तिचा आवाज असा आला, शाळेतून बक्षीस घेऊन आल्यावर यायचा तसा.

मी म्हटलं, खरंच. फक्त दिवेलागण झाल्यावर या. दिवसा उकाडा फार. आणि मागच्या गल्लीने या. पुढच्या रस्त्याला नालीचं काम काढलंय.

ती म्हणाली, बरं अण्णा. आणि फोन ठेवला.

‘बरं’ म्हणाली म्हणजे येणार. सगळं जुळून आलं. दादांना सोमवारी लातूरला डोळे तपासायला पाठवायची व्यवस्थाही केली आहे. ऑपरेशननंतरची तपासणी राहिलीच होती. भाच्याला सांगून नंबर लावला.

बसवराजने किल्ली घेताना विचारलं, सर, कादंबरी झाली? म्हटलं, शेवट बाकी आहे. त्याने विचारलं, शेवट गोड आहे ना? म्हटलं, हो.

१५ जून, सोमवार. मुरुड.

दिवसभर राबलो. एकट्याने पुरण घातलं, थोडं करपलं. धोंडे फुटके झाले पण झाले. घर झाडलं. पाट मांडला. मागचं दार उघडं ठेवलं.

दिवे लागले. कोणी आलं नाही.

मागच्या दारात उभा राहिलो. मग पुढच्या दारात. मग परत मागच्या.

पुढच्या दाराने दादा आले. लातूरहून लवकर सुटले. काठी टेकत सरळ आत, पाटाजवळ. विचारलं, कुणासाठी मांडलं रे? मी म्हटलं, कुणासाठी नाही, अधिकाचा शेवटचा दिवस म्हणून सहज. ते पाटाशेजारी भिंतीला टेकून बसले. बराच वेळ धोंड्यांकडे बघत राहिले.

मग म्हणाले, त्या दिवशी फोनात दिसली ती राजकन्येचीच पोर ना?

मी पाट उगाच सरळ केला.

म्हणाले, तुझ्यामाझ्या आईचं नाक घेऊन आली. म्या वळखली. वळखली म्हणूनच इचारलं, म्हणलं आता तरी सांगंल. तू शेजाऱ्याची म्हणलास.

मी म्हटलं, दादा, तुमच्यामुळे. भावकीत तुमचा मान, तुमचा शब्द. दादा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, माझा कंचा शब्द? म्या कवा न्हाई म्हणलं? लग्नाचं कळलं त्या दिवशी तूच ओट्यावर येऊन म्हणलास, दादा, आजपासून हिचं नाव आपल्या घरात काढायचं न्हाई. म्हणून न्हाई काढलं. तू बाप. तुझ्या म्होरं आमी कोण? तुझी वहिनी दर सणाला तिच्या नावानं रडती, ते तुझ्याम्होरं न्हाई, आत.

मी असं म्हणालो होतो का? आठवत नाही. रागात माणूस काहीही बोलतो. म्हणालो असेन. बहुतेक म्हणालो होतो. ओट्यावर ऊन होतं, दादा सुपारी कातरत होते. म्हणालो होतो.

दादांनी एक धोंडा उचलून खाल्ला. म्हणाले, करपलाय. आणि रडायला लागले.

१६ जून, मंगळवार.

अधिक संपला. पुढचा तीन वर्षांनी.

दादा आणि वहिनी सकाळच्या गाडीने विष्णुपुरीला निघाले. दादांनी ठेवणीतला फेटा बांधला होता. दारात येऊन म्हणाले, चल. मी म्हटलं, सोयाबीनचं बियाणं आणायचंय. म्हणाले, बियाणं तर तुझ्या पडवीत पडून हाय. मी म्हटलं, खत आणायचंय.  त्यांनी वहिनींच्या हातातली पिशवी घेतली आणि स्टँडकडे चालू लागले.

दुपारी सौ.चा फोन आला. पोचले म्हणाली. राजकन्या दादांच्या गळ्यात पडून लई रडली म्हणाली. दादांनी जावयाचा हात धरून शेजारी बसवून घेतलं म्हणाली. मग आवाज उतरला. म्हणाली, सगळे आले, तुमी कामून आला न्हाईत, ती इचारून राहिली. काय सांगू तिला?

इतकी वर्षं काही ना काही सुचायचं. आज सुचेना.

सौ. हॅलो, हॅलो करत राहिली. मागून राजकन्येचा आवाज आला. आई, अण्णा हायेत का? दे की माझ्याजवळ.

 तिने फोन घेतला. अण्णा, म्हणाली. पुन्हा म्हणाली, अण्णा.

मी फोन ठेवला. रेंज पूर्ण होती.